पाटी, पुस्तक आणि पडदा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला योजिली जाते, त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज ह्या सभागृहात बसले आहेत. त्यांच्यासमोर गुरुजींच्या थोरवीचे वर्णन मी करावे, हे गंगेला गंगोदकाचे अर्घ्य देण्यासारखे होईल. तेव्हा त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी थेट विषयाकडे वळतो.

मराठीचा निवृत्त प्राध्यापक व्यासपीठावर आला की तो संतसाहित्यावर नाहीतर नवकवितेवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती वाजवीही आहे. मात्र आज मी बोलणार आहे ते आपल्या मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीविषयी. त्यावरील शिक्षणसाधनांविषयी, समाजमाध्यमांविषयी आणि ह्या सर्वांमुळे बडोद्यातील मराठी मुलाच्या मनात 'मी कोण?' ह्या प्रश्नाचे जे उत्तर घडते आहे, त्याविषयी. हा विषय यंत्रशास्त्रज्ञाचा आहे असे कोणी म्हणेल. माझ्या मते तो भाषेच्या शिक्षकाचाही आहे. कारण ह्या पडद्यावर मुले जे करतात ते मुख्यतः लिहिणे, वाचणे, ऐकणे आणि बोलणेच असते.

ह्या विषयावर बोलताना दोन सोप्या वाटा समोर असतात. एक विलापाची : पुस्तके गेली, पाठांतर गेले, वळणदार अक्षर गेले. दुसरी जयघोषाची : सारे ज्ञान आता मुठीत आले, शाळा हवी कशाला? दोन्ही वाटांवर गर्दी फार आहे. मला तिसरी वाट चालावयाची आहे. साधन आपण होऊन भाषा मारीत नाही आणि तारीतही नाही. त्या साधनाशी समाज कोणता करार करतो, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. हा करार महाराष्ट्रात ढिलाईने झाला तरी कदाचित निभावून जाईल. तेथे बसवरची पाटी मराठी आहे, न्यायालयातला अर्ज मराठी आहे, बाजार मराठी आहे. आपल्याकडे तसे नाही. २०११ च्या जनगणनेत गुजरातेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे दीड टक्का, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास लोक होते. त्यांच्या मुलांना मराठी कानावर पडते ती घरात; डोळ्यांखाली मात्र ती सहसा येते ती शाळेत, किंवा आता पडद्यावर. म्हणूनच करारातील प्रत्येक कलम आपण वाचून घेतले पाहिजे.

नवे साधन आणि बृहन्महाराष्ट्र

एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. मराठीच्या मुद्रणाचा आरंभ आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर झाला. फादर स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. विल्यम कॅरीने मराठीचे व्याकरण १८०५ साली छापून प्रसिद्ध केले ते बंगालमधील श्रीरामपूर येथे. तंजावरात सरफोजीराजांच्या छापखान्यातून इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप, 'बालबोध मुक्तावली', १८०६ साली बाहेर पडले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मुंबईत निघाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी, म्हणजे पाव शतकानंतर.

ह्या इतिहासात दोन धडे आहेत. पहिला आत्मविश्वासाचा : काठावरच्या मराठी माणसाला नवे साधन नवे म्हणून भिववीत नाही. जेथे अनेक भाषा एकत्र नांदतात तेथे नव्या साधनाची गरजही आधी जाणवते आणि त्याचे धाडसही आधी होते. दुसरा धडा सावधगिरीचा आहे. 'क्रिस्तपुराण' ही ओवीबद्ध मराठी रचना. मराठीची प्रशस्ती गाणारी. परंतु ती छापली गेली रोमन लिपीत, कारण छापखान्यात तेच खिळे होते. देवनागरीत तिची छापील आवृत्ती निघाली ती १९५६ साली. मधल्या ३४० वर्षांत ते काव्य सर्वसामान्य मराठी वाचकाच्या वाटेवर आलेच नाही. त्याची कारणे अनेक होती, राजकीय होती, धार्मिक होती. तथापि लिपी हे त्यांतील लहान कारण नव्हते. छापखान्यात कोणते खिळे आहेत, ह्यावर कोणत्या वाचकाच्या हाती काय पडणार हे ठरत असते. आज खिळ्यांची जागा कळफलकाने घेतली आहे. प्रश्न मात्र तोच आहे.

सयाजीरावांची पेटी

आपल्या नगरीला तर साधन आणि शिक्षण ह्यांच्या संबंधावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली येथे दत्तक आला. शिक्षणाला त्याचा खरा प्रारंभ येथेच झाला, आणि मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्याने शिकून घेतल्या. पुढे ह्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्यास लागू केला. साक्षर झालेल्या माणसाच्या हाती वाचावयास काही नसेल तर तो पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी जात, तेथे काही काळ राहत व परत येत. त्या फिरत्या ग्रंथालयाचा खर्च राज्य सोशीत असे.

आजचा भ्रमणध्वनी ही एका अर्थी तीच पेटी आहे, आणि ती कधी रिकामी होत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके आज घरबसल्या मिळतात. पूर्वी महाराष्ट्राबाहेरच्या शाळेला ती वेळेवर मिळविण्यासाठी किती खटपट करावी लागे, हे येथील ज्येष्ठ शिक्षकांना विचारावे. मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, आणि दाते-कर्वे ह्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी खुले केले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली वाईत उभा राहिलेला मराठी विश्वकोश माहितीजालावर आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आहे. बडोद्याच्या एखाद्या पोळातल्या मुलीला ह्यांपैकी काहीही उघडण्यास आज दमडी मोजावी लागत नाही. ही क्रांती आहे, आणि तिला क्रांती म्हणण्यात मला संकोच वाटत नाही.

मग पेटीत आणि पडद्यात फरक कोणता? पेटी भरताना एक ग्रंथपाल असे. कोणत्या गावाला शेतीची पुस्तके हवीत, कोणत्या गावाला मुलांच्या गोष्टी हव्यात, ह्याचा तो विचार करी. त्याची निवड चुकली तर त्याला जाब विचारता येई. पडद्यावर पुढचे दृश्य कोणते यावे, हेही कोणीतरी निवडतेच. पण तो निवडणारा एक अदृश्य हिशेब असतो. मुलाची नजर कोठे किती क्षण थांबली, त्याने काय पुन्हा पाहिले, काय अर्ध्यावर सोडले, हे मोजून तो पुढचे ताट वाढतो. मुलाने शहाणे व्हावे हा त्याचा हेतू नसतो. मुलाने उठू नये, हा असतो. कारण मूल जितका वेळ बसेल तितक्या जाहिराती त्याच्यासमोरून जातात. ह्यात कोणी राक्षस बसलेला नाही, साधा व्यापार आहे. मात्र व्यापाऱ्याच्या दुकानाला आपण ग्रंथालय समजू नये.

ह्या हिशेबाचा भाषेवरही परिणाम होतो. ज्या भाषेत पाहणारे अधिक, तिच्यात साहित्य अधिक. ज्या भाषेत साहित्य अधिक, तिच्याकडे हिशेबाचा कल अधिक. बालगीतापासून मराठीत सुरुवात केलेले मूल इयत्ता चौथीपर्यंत हिंदीकडे आणि आठवीपर्यंत इंग्रजीकडे वळते. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते. उतारावरून पाणी जावे तसे ते जाते. आपण बडोदेकर बहुभाषिक आहोत व त्याचा मला अभिमान आहे. परंतु बहुभाषिक असणे म्हणजे चार भाषा पेलणे होय. एकीतून दुसरीत घसरत जाणे नव्हे.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही पेटी पर्याय न राहता एकमेव मार्ग झाली. 'असर' ह्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. पुढे २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्क्यांनी. हे आकडे खेड्यांतले आहेत. शहरात चित्र याहून सौम्य असेल असे मानण्यास आधार नाही. अभ्यासासाठी म्हणून घरात आलेले साधन अभ्यासापुरते राहिले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. आणि तो पुरेसा गंभीर आहे.

लिपीचा प्रश्न

आता मी माझ्या खास चिंतेकडे येतो. आपली मुले मराठी बोलतात, परंतु लिहिताना ती रोमन अक्षरे वापरतात. आजीला पाठविलेला निरोप, मित्रांच्या गटातली थट्टा, वाढदिवसाची शुभेच्छा, सारे रोमन. कोणी म्हणेल, बिघडले काय? अर्थ तर कळतो. कळतो, तो आधीपासून मराठी येणाऱ्याला. एम, ए, एल, ए ही चार अक्षरे घ्या. ह्यांतून 'मला' वाचावे, 'मळा' वाचावे, 'माळा' वाचावे की 'माला'? 'गाडी' आणि 'गादी' ह्यांचे रोमन रूप एकच. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड ह्यांतील भेद ज्याच्या कानात पक्का आहे, त्याला संदर्भाने वाट सापडते. पण बडोद्यातील तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मुलाच्या कानात तो भेद पक्का व्हावयाचा असतो तो ह्या अक्षरांच्याच मदतीने. अक्षर गेले की पुढच्या पिढीत ध्वनी पातळ होतो. रोमन लेखन जुन्या ठेवीवर जगते; नवी ठेव ते साठवीत नाही.

देवनागरी लिपी सर्वगुणसंपन्न आहे, असे माझे म्हणणे नाही. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च आपण एकाच खुणेने लिहितो. मोडीसारखी शतकानुशतके राज्यकारभार वाहणारी लिपी आपणच विसाव्या शतकात बाजूस सारली, हेही खरे. तिच्या नशिबी काय आले ते पाहा. लाखो कागद दप्तरखान्यांत आहेत आणि ते वाचणारे मूठभर. लिपी सोडणे ही वस्त्र बदलण्याइतकी सोपी गोष्ट नाही. तिच्याबरोबर लिहून ठेवलेल्या सर्वांना कुलूप लागते.

पूर्वी रोमनमध्ये लिहिण्यास सबब होती. संगणकाला देवनागरी येत नसे. एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर चौकोन होऊन उमटे. १९९१ मध्ये युनिकोड ह्या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली, तीत देवनागरीला आरंभापासून स्थान होते. आपल्या 'ॲ' ह्या अक्षराला मात्र स्वतंत्र जागा मिळण्यास २००८ साल उजाडले. मोडीलाही २०१४ मध्ये त्या प्रणालीत घर मिळाले. अनेकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, म्हणून हे झाले. आज प्रत्येक भ्रमणध्वनीत देवनागरी कळफलक आहे. बोलले तरी अक्षरे उमटतात. म्हणजे १६१६ साली रायतूरच्या छापखान्याला जी अडचण होती, ती आज आपल्याला उरलेली नाही. खिळे आहेत, बोटे वळत नाहीत, इतकेच. आणि बोटे वळविणे हे शाळेचे काम आहे. पाटीवर 'ग म भ न' गिरवून घेणारी शाळा कळफलकावर तेच गिरवून का घेत नाही, हा प्रश्न मी आज जाहीरपणे विचारतो.

पाठ आणि पाठभेद

समाजमाध्यमांवर आणखी एक संकट रोज आपल्या दारी येते. कोणा अज्ञाताची चार चटपटीत वाक्ये कुसुमाग्रजांच्या किंवा पु. ल. देशपांड्यांच्या नावावर फिरू लागतात. शिवचरित्रातील न घडलेला प्रसंग तारीखवारासह येतो. सुशिक्षित माणसे ते डोळे झाकून पुढे ढकलतात. ह्यावर वैतागून उपयोग नाही. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा रोग नवा नाही. मुद्रणापूर्वी सारे वाङ्मय नकलांवरच जगत होते. नकल करणारा चुके, कधी आपली ओवी घुसडून देई, कधी आपल्या रचनेला थोराचे नाव लावी. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ साचले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली. तुकारामांच्या गाथेची शंकर पांडुरंग पंडितांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८६९ पासून प्रसिद्ध झाली, तीही हस्तलिखिते ताडून.

पाठचिकित्सा हा विषय आजवर आम्ही एम. ए. च्या वर्गासाठी राखून ठेवला होता. माझी सूचना अशी की, तो आता सातवीच्या वर्गात आणावा. मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे : हे कोणी लिहिले? ते प्रथम कोठे प्रसिद्ध झाले? आणि मूळ ठिकाणी ते असेच आहे काय? आलेला एखादा निरोप घेऊन मुलांनी मूळ पुस्तकापर्यंत मागे जावे. कधी मूळ सापडेल, कधी सापडणार नाही. न सापडणे हेही ज्ञानच आहे. ज्या मुलाला ही सवय लागली, त्याला कोणी सहज फसविणार नाही. पडद्यावरही नाही आणि सभेतही नाही.

येथेच लेखन करणाऱ्या नव्या यंत्रांचाही विचार करावा लागतो. २०२२ च्या अखेरीपासून अशी साधने सर्वांना उपलब्ध झाली. 'माझी सहल' असे सांगितले की क्षणात निबंध पुढे येतो, बहुधा शुद्ध मराठीत. ही साधने उपलब्ध लेखनाच्या प्रचंड साठ्यावर घडविली जातात. आणि त्या साठ्यात मराठी थोडी, बडोद्याची मराठी तर त्याहून थोडी. म्हणून त्या निबंधात सूरसागराचा तलाव सहसा येत नाही, मांडवीची गर्दी येत नाही, नवरात्रात गरब्याला आणि भाद्रपदात आरतीला तितक्याच ओढीने जाणारे घर येत नाही. पण खरा तोटा वेगळाच आहे. निबंध हे काही शाळेला पुरवावयाच्या मालाचे नाव नव्हे. शब्द शोधताना विचार स्वच्छ होतो, म्हणून निबंध लिहावयाचा असतो. पळण्याच्या शर्यतीत रिक्षा करून पुढे गेलेल्या मुलाला कोणी विजयी म्हणणार नाही. रिक्षा वाईट नाही. शर्यत समजली नाही, एवढेच. यंत्राने लिहिलेल्या मजकुरातील उणिवा काढणे, तो आपल्या शब्दांत फिरवून लिहिणे, हे मात्र उत्तम गृहपाठ होतील.

आपण कोण?

आता अस्मितेचा प्रश्न. पूर्वी बडोद्यातील मराठी मुलाला आपली ओळख मिळे ती वाड्यातून, शाळेतून, गणेशोत्सवातून आणि गुजराती शेजाऱ्याच्या ओट्यावरून. त्या ओळखीला एक खास चव होती. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी साहित्य संमेलने ह्या नगरीने भरविली. स्वतः सयाजीराव १९३२ मध्ये कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९३१ साली त्यांनी राज्यकारभाराच्या परिभाषेचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा बहुभाषिक कोश प्रसिद्ध करविला, त्यात गुजराती आणि मराठी शब्द एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेले आहेत. ते पान म्हणजेच बडोदे.

आजच्या मुलाला 'मराठी असणे' कसे असते हे सांगणारा पडदा पुण्या-मुंबईहून येतो. त्याचा एक लाभ निश्चित आहे. आपण संख्येने थोडे आहोत ही भावना ओसरते. एक मोठा मराठी समाज हाताशी असल्याचा धीर येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा येथील मुलांनीही तो आनंद त्याच क्षणी अनुभवला. पण ह्या लाभाची दुसरी बाजूही आहे. आपले मूल सहज म्हणून जाते, 'काल फार जलसा केला.' गुजरातीत जलसा म्हणजे मौज. महाराष्ट्रात जलसा म्हणजे गाण्याची बैठक. पुण्याचे मावसभाऊ गटात हसतात, आणि मूल पुढच्या वेळी इंग्रजीत लिहिते. एका शब्दाच्या थट्टेने एक लेखक गमावला जातो. प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहेच. मात्र घरची मराठी ही अशुद्ध मराठी आहे, अशी समजूत मुलाच्या मनात रुजू देणे हा शाळेचा अपराध ठरेल. नागपूरची, कोल्हापूरची, मालवणची मराठी जशी तिच्या मातीची, तशी बडोद्याचीही. गुजरातीने तिला बाटविले नाही. दोन घरांत येणेजाणे असले की वाटीची देवाणघेवाण होते, तशी ती झाली आहे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रात प्राथमिक शाळांतील तिसऱ्या भाषेच्या सक्तीवरून मोठा वाद झाला व २९ जून रोजी शासनाने ते निर्णय मागे घेतले. त्या वादातील युक्तिवाद महत्त्वाचे होते. शिक्षणशास्त्राचे प्रश्न त्यात होते. पण भ्रमणध्वनीवर युक्तिवाद फार दूर जात नाहीत. जातात ती भांडणाची दृश्ये. दुकानात, रस्त्यावर, रेल्वेच्या डब्यात भाषेवरून एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसे बडोद्याच्या मुलाने त्या दिवसांत वारंवार पाहिली. संताप नजर खिळवून ठेवतो आणि हिशेबाला नजर हवी असते, म्हणून ही दृश्ये वर येतात. आता विचार करा : ज्या मुलाचा जिवलग मित्र गुजराती आहे, ज्याची आत्या गुजराती घरात दिली आहे, जो गुजराती राज्यभाषेच्या आसऱ्याने सुखाने वाढतो आहे, त्याने ह्या दृश्यांतून मराठीपणाचा कोणता अर्थ घ्यावा? महाराष्ट्रात मराठीसाठी आग्रह धरणे न्याय्य आहे. येथे गुजराती उत्तम येणे हे आपले कर्तव्य आहे. दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वातून निघतात : ज्या भूमीवर राहावे तिच्या भाषेचा मान ठेवावा आणि आपल्या मायबोलीचा दिवा घरात तेवता ठेवावा. हे तत्त्व पडदा शिकविणार नाही. ते घराने आणि शाळेने शिकवावयाचे आहे.

शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे?

उपदेश करून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून काही व्यवहार्य सूचना करतो. पहिली, आठवड्यातील एक तास देवनागरी कळफलकाचा असावा, आणि त्याच आठवड्यात एक पान हाताने लिहिलेलेही असावे. हात आणि यंत्र ह्यांची सवत मांडू नये. दुसरी, वर्गात भ्रमणध्वनी बंद असावा. ग्रंथालयात मात्र शिक्षकाच्या देखरेखीखाली संगणकावर कोश, विश्वकोश आणि जुने ग्रंथ पाहण्याचा तास असावा. म्हणजे पेटीजवळ पुन्हा ग्रंथपाल उभा राहील. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडील २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कायदे आपले काम करतील. पण जेवणाच्या ताटाजवळ भ्रमणध्वनी असावा की नसावा, हे लोकसभा ठरविणार नाही.

तिसरी सूचना मला विशेष प्रिय आहे. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे : जुन्या वाड्यांच्या आठवणी, ओव्या, म्हणी, स्वयंपाकघरातले शब्द, गुजरातीतून आलेले आणि आपल्या घरात मुरलेले शब्द. त्यांतून 'बडोद्याची मराठी' असा एक शब्दसंग्रह शाळेने सिद्ध करावा आणि तो माहितीजालावर सर्वांसाठी खुला ठेवावा. जे पडद्यावर नाही ते नाहीच, असे मानणारा काळ आला आहे. मग आपण पडद्यावर असू या, आपल्या आवाजात. जे बोलणारे आज ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यांच्यासाठी हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

चौथी आणि शेवटची सूचना माजी विद्यार्थ्यांना. आपले गट आहेत; त्यांवर सकाळी फुले येतात, रात्री विनोद येतात. त्यास माझी हरकत नाही. पण एक नियम करा : ह्या गटांत मराठी लिहावयाची ती देवनागरीत. आणि आपल्यापैकी जे दूरदेशी आहेत, त्यांनी महिन्यातून एक तास येथील मुलांबरोबर एखादे मराठी पुस्तक वाचावे. समुद्रापलीकडचा मोठा भाऊ आपल्याबरोबर धडा वाचतो आहे, हे मुलाला दिसले की मराठी ही मागे राहिलेल्यांची भाषा आहे हा गैरसमज आपोआप गळून पडेल. साधनाचा ह्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

मित्रहो, पाटी आली तेव्हा पाठांतर बुडेल असे म्हणणारे होते. पुस्तक आले तेव्हा गुरू बुडेल असे म्हणणारे होते. पाठांतर कमी झाले, गुरू मात्र राहिले. कारण पुस्तक कोणते, केव्हा आणि कसे वाचावे हे सांगणारा कोणीतरी लागतोच. पडद्याच्या काळात तर तो अधिकच लागेल. ज्यांच्या नावाने आपण आज जमलो, त्यांनी आयुष्यभर तेच केले : समोरच्या मुलाकडे पाहून, त्याला आज काय हवे ते ओळखून, नेमके पुस्तक त्याच्या हाती ठेवले. मुलाची नजर कोठे थांबते हे यंत्रालाही कळते. मुलाची नजर कोठे थांबावयास हवी, हे कळण्यासाठी माया लागते. ती ह्या वास्तूत आजवर उणी पडली नाही आणि पुढेही पडू नये, एवढीच प्रार्थना.